साखरमावशीचा राग

तिला रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि चर्चच्या मंडळीत याचं फार कौतुक होतं. चर्चच्या वृद्धाश्रमात ती एकवीस वर्षं कपडे धूत होती. मशीन बंद पडलं, चादर फाटली, कुणी विनाकारण अंगावर ओरडलं, तरी तिच्या तोंडून ‘असू द्या’ एवढंच बाहेर पडायचं. म्हणून तिचं नाव साखरमावशी पडलं. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथेच राहिलं. तिची लेक गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायची. ती तोंडाची फटकळ, म्हणून ती मिरची. साखरेच्या पोटी मिरची कशी आली, हा विनोद मंडळीत इतक्या वेळा झाला होता की तो कानावर पडला की मिरची चर्चच्या पायरीवरूनच माघारी फिरायची.

खरं तर साखरमावशी जन्मतः काही गोड नव्हती. लहानपणी ती चांगली तडतडी होती. पण तिची आई तिला राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरायला लावायची. “राग विरेपर्यंत गिळायचं नाही आणि थुंकायचंही नाही,” आई म्हणायची. “येशूला चांगली मुलं आवडतात.” राग काही विरायचा नाही. जबडा मात्र दुखायला लागायचा, आणि जबडा दुखत असताना माणूस भांडत नाही, एवढंच. आईच्या लेखी हाच चांगुलपणा. पुढे लग्न झालं, नवरा अकाली गेला, सासूची सात वर्षं सेवा केली, आणि या सगळ्यात तोंडातलं ते पाणी कधी बाहेर आलंच नाही. रविवारी पाळकसाहेब चांगुलपणा हे आत्म्याचं फळ आहे असं सांगायला लागले की लोकांच्या माना आपोआप तिच्याकडे वळायच्या. ती खाली बघायची. तेही लोकांना आवडायचं.

आश्रमातली कपडे धुण्याची खोली तळघरात होती. दोन मशिनं, एक सुकवणी यंत्र, इस्त्रीचं लांब टेबल आणि भिंतीत वर एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. माणूस कोण आहे हे ती बुटांवरून ओळखायची. वरच्या मजल्यावरचे एकोणीस म्हातारे-म्हाताऱ्या तिला चेहऱ्यापेक्षा चादरींवरून जास्त ठाऊक होते. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला ताप येऊन गेलाय, कुणी रात्रभर तसंच ओल्यात पडून होतं, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. कळायचं, आणि ती धुवायची.

दोनेक वर्षांपूर्वी मळक्या चादरींत पट्ट्या यायला लागल्या. जुन्या चादरी फाडून केलेल्या, हातभर लांब, दोन बोटं रुंद. टोकांना गाठी. ओल्या गाठी इतक्या घट्ट बसलेल्या असायच्या की ती जेवणाच्या काट्याचं टोक खुपसून त्या सोडवायची. पहिल्या आठवड्यात तिने वरच्या सेविकेला विचारलं, “या कशाच्या गं?”

“गाठोडी बांधायच्या, मावशी,” सेविका म्हणाली आणि जिना चढून गेली.

मळके कपडे तर पिशव्यांतून यायचे. गाठोडं या इमारतीत एकवीस वर्षांत कुणी बांधलेलं तिने पाहिलं नव्हतं. तरी तिने मान डोलावली. ‘असू द्या’ म्हणाली. पट्ट्या धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या, हो, इस्त्रीसुद्धा केल्या, आणि बारा-बाराच्या गड्ड्या करून वर पाठवल्या. दोन वर्षं हे चाललं. हे तिने फसून केलं असं म्हणायची सोय नाही. तिला विचारायचं नव्हतं म्हणून तिने विचारलं नाही.

मग एका गुरुवारी दुपारी चादरी वर न्यायचा दोरीचा पाळणा अडकला. वरून कुणी खाली येईना, म्हणून साखरमावशी स्वतःच चादरींची चळत छातीशी धरून जिना चढली. दुपारची झोपेची वेळ होती. सगळी दारं लोटलेली. सात नंबरच्या खोलीचं दार तिने कोपराने ढकललं.

सात नंबरमध्ये शाळेच्या बाई होत्या. अर्ध्या गावाला त्यांनीच वाचायला शिकवलं होतं, साखरमावशीलाही. बाई मंडळीत कधी लाडक्या नव्हत्या. त्या नाकासमोर चालायच्या आणि तोंडावर बोलायच्या. साखरमावशी आठ वर्षांची असताना एक पाहुणे शाळा बघायला आले होते. त्यांनी तिला बाकावर उभं केलं आणि तिचा ठिगळांचा फ्रॉक सगळ्या वर्गाला दाखवून गरिबांवर दया करा असं सांगायला लागले. बाईंनी फूटपट्टी टेबलावर अशी आपटली की ती मोडली. “तिला खाली बसवा आणि तुम्ही बाहेर व्हा,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून बाई फार तापट आहेत असं बोललं जायचं. चांगल्या आहेत असं कुणी म्हटल्याचं साखरमावशीला आठवत नव्हतं.

आता बाई पलंगावर उताण्या पडल्या होत्या. दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्यांना बांधलेली. पांढऱ्या पट्ट्यांनी. पट्ट्यांना इस्त्रीची घडी अजून तशीच होती.

साखरमावशीच्या हातातल्या चादरी खाली पडल्या.

बाईंनी मान वळवली. डोळे अधू झाले होते, पण आवाज वर्गातलाच. “कोण आहे? उभी काय राहिलीस? सोड.”

तिने गाठी सोडवायला घेतल्या. गाठी सुटेनात. काटा खालीच राहिला होता. शेवटी तिने दातांनी गाठ ओढली. पट्टीखालची कातडी कागदासारखी झाली होती आणि तिच्यावर जुने, नवे, निळे, पिवळे वळ होते. एका दिवसाचे नव्हते ते.

“पाणी हवं असलं की घंटा वाजवावी लागते,” बाई मनगट चोळत म्हणाल्या. “मी फार घंटा वाजवते म्हणे. म्हणून हात बांधतात.” मग जराशाने म्हणाल्या, “पण स्वच्छ असतात गं पट्ट्या. रोज धुतलेल्या. खाली कुणीतरी फार मनापासून काम करतंय.”

बाई टोमणा मारत होत्या की सहज बोलत होत्या, हे साखरमावशीला कधीच कळलं नाही. तिने विचारायचं धाडसही केलं नाही. बाईंना पाणी पाजून ती थेट मेट्रनच्या खोलीत गेली आणि सात नंबरचं सांगितलं.

मेट्रन वाईट बाई होती असं म्हणून मोकळं होता येत नाही. तीस वर्षं तिने आश्रम सांभाळला होता. एकोणीस माणसं आणि दोन सेविका, असा तिचा संसार. बोलणं इतकं मऊ की भांडायला आलेला माणूस आभार मानून जायचा.

“ये मावशी, बस,” मेट्रन म्हणाली. “सात नंबर ना? अगं, त्यांच्या भल्यासाठीच आहे ते. तीन वर्षांमागे चार नंबरवाले आजोबा पलंगावरून पडले, खुबा मोडला, महिन्यात गेले. ते बरं होतं का?”

“घंटा वाजवतात म्हणून हात बांधले, असं बाई म्हणाल्या.”

“म्हातारी माणसं काय, काहीही बोलतात.”

“किती जणांना बांधता?”

मेट्रनने चष्मा काढून पुसला. “हे बघ, तू इतकी चांगली बाई. कधी कुणाबद्दल वावगं बोलली नाहीस. असला संशय तुला शोभत नाही. जा, चहा घे. आणि हो, भेटीच्या रविवारी तुझा सत्कार ठरलाय. चांगुलपणाचं मानपत्र. मीच नाव सुचवलं.”

साखरमावशी उठली. दारापर्यंत गेली. ‘असू द्या’ हे शब्द तिच्या जिभेवर आले होते, सवयीने, आणि तिला त्या शब्दांची अशी किळस आली की तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. ती ते न म्हणताच खाली गेली. त्या दिवशीच्या पिशवीत पट्ट्या होत्या. तिने त्या माणसांच्या हिशोबाने प्रथमच मोजल्या. बावीस. अकरा माणसांचे हात.

घरी मिरची अंगावरचा रंग रॉकेलने पुसत बसली होती. आईने सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला आणि मिरची चिंधी हातात तशीच धरून बघत राहिली. तिने आईचा चढलेला आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

“मग? जाऊन कानफटात देऊ का त्या मेट्रनच्या?” मिरची म्हणाली.

“तिच्या नंतर दे. आधी माझ्या दे,” आई म्हणाली. “तिने बांधले. मी धुतल्या. दोन वर्षं, गं! कडक इस्त्री करून वर पाठवल्या. आणि मला म्हणतात चांगली!”

“तुला कुठे माहीत होतं?”

“माहीत होतं,” आई म्हणाली. “बघितलं नव्हतं, एवढंच. माहीत होतं.”

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, हळहळले. मग म्हणाले, “ताई, कमिटीपुढे विषय ठेवतो मी. योग्य वेळी. पण तुमच्या मनात हा जो संताप आहे ना, तो आधी प्रभूच्या चरणी ठेवा. रागाने कुणाचं भलं होत नाही. तुमचा स्वभाव हीच तर आमच्या मंडळीची शोभा.”

“योग्य वेळ म्हणजे कधी?”

“भेटीचा रविवार होऊन जाऊ दे. नातेवाईक येणार, बाहेरचे पाहुणे येणार. अशा वेळी उगाच...”

“पाळकसाहेब, येशूने मंदिरात टेबलं उलथली तेव्हा त्याने योग्य वेळ बघितली होती का? सणाचीच गर्दी होती ना?”

पाळकसाहेब हसले, लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे. “ताई, तो देवाचा पुत्र होता. आपण माणसं.”

ती तिथून चर्चमध्ये जाऊन बसली. बाकं रिकामी होती. प्रार्थनेला हात जोडले आणि नेहमीचे शब्द येईनात. जे आलं ते ऐकून ती स्वतःच दचकली. ‘तू मला फसवलंस,’ ती म्हणाली. ‘की मी तुला फसवलं? मला वाटलं तुला गप्प बसणारी बाई हवी. मी गप्प बसले. वर ती माणसं पाण्यासाठी ओरडत होती आणि मी खाली साबण मोजत होते. हे तुझं फळ? हे फळ असेल तर किडलेलं आहे.’ ती अशी बराच वेळ देवाशी भांडली. तिला वाटलं, आता काहीतरी होईल, निदान भीती तरी वाटेल. भीती वाटली नाही. उलट चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण खरं बोललो आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं, असं वाटलं. पण राग तसाच राहिला. तो कमी व्हावा असं तिने मागितलंही नाही.

शनिवारी ती तळघरात गेली आणि गुरुवारपासून साचलेल्या पट्ट्या धुतल्या नाहीत. गाठी सोडवल्या नाहीत. वरून सेविका ओरडली, “मावशी, पट्ट्या संपल्या!” तिने खालून उत्तर दिलं, “संपू दे!” सेविका दोन पायऱ्या उतरून खाली वाकून बघून गेली. साखरमावशी ओरडली, यावर सेविकेचा विश्वास बसला नसावा.

भेटीच्या रविवारी सकाळी लोक चर्चमधून आश्रमाकडे यायला लागले. नातवंडं, फुलं, खाऊचे डबे. आश्रमाच्या पुढच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. भेटीच्या दिवशी ती मोकळी ठेवायची असा मेट्रनचा नियम, कारण देखावा बिघडतो. साखरमावशीने सकाळीच तिथे टोपली नेऊन ठेवली आणि एकेक पट्टी तारेला चिमट्याने लावली. न धुतलेल्या, गाठीसकट, मनगटांच्या आकाराची वेटोळी तशीच राहिलेल्या. काहींवर डाग होते. तीन दिवसांच्या साठएक पट्ट्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार भरली.

मेट्रन पायऱ्या उतरून धावत आली. “मावशी! हे काय? काढ आधी! लोक येतायत!”

“म्हणूनच लावल्यात,” साखरमावशी म्हणाली.

मेट्रनने एक चिमटा काढायला हात घातला. साखरमावशीने तिचं मनगट धरलं. जोराने नाही, पण सोडलंही नाही. “कसं वाटतं?” तिने विचारलं. “एक मिनिटही झालं नाही अजून.”

तोवर लोक फाटकात आले होते. एका पोरीने विचारलं, “आजी, या कसल्या पट्ट्या?” आणि साखरमावशी तारेपाशी उभी राहून मोठ्याने सांगायला लागली. तिला भाषण येत नव्हतं. ती खोल्यांचे नंबर सांगत गेली. “दोन नंबरच्या या. हे रक्त आहे. पाच नंबरच्या या. सात नंबरच्या या, शाळेच्या बाईंच्या. तुमच्यापैकी किती जणांना त्यांनी शिकवलंय? वर जा. बाह्या वर करून मनगटं बघा. आणि विचारू नका नुसतं, बघा!”

पाळकसाहेब मानपत्राची चौकट काखेत धरून आले होते. ते म्हणाले, “ताई, ताई, हा मार्ग नव्हे. प्रीतीने...”

“मीही फार प्रीती दाखवली, पाळकसाहेब,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “दोन वर्षं दाखवली. इस्त्री करून. आणि ती चौकट घेऊन जा. तिच्यावर माझं नाव वाचलं तर मी ती इथे फोडीन.”

पाच नंबरवाल्या आजोबांचा मुलगा, चांगला आडदांड ट्रकवाला, जिना चढून गेला. जरा वेळाने तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. “खरं आहे,” एवढंच तो म्हणाला आणि पायरीवर बसला. मग मात्र सगळेच वर धावले.

पुढे जे व्हायचं ते झालं, आणि ते साखरमावशीच्या मनासारखं झालं नाही. कमिटी बसली. बांधणं बंद झालं, हे खरं. आणखी तीन सेविका आल्या, पलंग बुटके करून घेतले, पडणाऱ्यांसाठी खाली गाद्या टाकल्या. सगळं महिन्याभरात जमलं. म्हणजे आधीही जमलं असतं, आणि याने तिचा संताप दुप्पट झाला. मेट्रनला कुणी दोष दिला नाही. तीस वर्षांच्या सेवेबद्दल निरोपसमारंभ झाला आणि तिची दुसऱ्या गावातल्या आश्रमात बदली झाली. साखरमावशीला कामावरून काढायची कमिटीची हिंमत झाली नाही, कारण ट्रकवाला आणि इतर नातेवाईक तिच्या मागे उभे राहिले. पण कमिटीने तिला बोलावून सांगितलं, “तुम्ही मंडळीची नाचक्की केलीत. क्षमा मागा.”

“मागते,” ती म्हणाली. “पण तुमची नाही.”

ती वर गेली आणि एकेका खोलीत जाऊन म्हणाली, “तुमचे हात ज्यांनी बांधले जायचे त्या पट्ट्या मी धुवायचे. मला माहीत होतं. मी गप्प बसले. मला माफ करा.” कित्येकांना काही समजलंच नाही. एका आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन नंबरवाल्या म्हातारीने पेल्यातलं पाणी तिच्या तोंडावर फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. साखरमावशीने तोंड पुसलं नाही. तिला ते पाणी आपल्या हक्काचं वाटलं.

बाईंना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी तिचा हात धरून बोटं चाचपून बघितली.

“तूच होय ती,” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच होतं. अक्षरसुद्धा तू असंच काढायचीस. नीटनेटकं, आणि पाठचं उत्तर मात्र शेजारणीचं बघून.”

“माफ कराल का, बाई?”

“बघू. आज नाही जमायचं. उद्या ये. आणि येताना ते रडवेलं तोंड घेऊन येऊ नकोस. त्या रविवारी अंगणात ओरडत होतीस तसं तोंड घेऊन ये. ते पहिल्यांदाच कुणाचं बघून लिहिलेलं नव्हतं.”

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली, रोज गेली. बाईंनी माफ केल्याचं तोंडाने कधी सांगितलं नाही. पण तिच्याकडून रोज वर्तमानपत्र वाचून घेतलं आणि चुकलं की टोकलं. पावणेदोन महिन्यांनी एका सकाळी बाई गेल्या. चर्चमध्ये त्यांच्या शांत स्वभावाबद्दल चार शब्द बोलले गेले. साखरमावशी बाकावरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, “खोटं बोलू नका. बाई तापट होत्या. त्या चांगल्या होत्या आणि तापट होत्या.” मग ती बसली. शेजारच्या दोघीजणी सरकून लांब बसल्या. मिरची तेवढी पुढच्या रांगेतून मागे वळून आईकडे बघत राहिली.

आता तिला साखर कुणी म्हणत नाही. काही जण लांबूनच नमस्कार करतात. देवाशी ती अजून मोठ्याने बोलते. पूर्वी तिच्या प्रार्थनेत विनंत्या असायच्या, आता नावं असतात, एकोणीस खोल्यांची, आणि त्यात मेट्रनचंही एक असतं. ते घेताना तिचे दात अजून आवळतात. पण घेते.

मेट्रनची जिथे बदली झाली होती, त्या आश्रमाला तिने दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग एका सोमवारी ती आणि मिरची बसने तिथे गेल्या. तिने मेट्रनला भेटायचंय असं सांगितलं नाही. मागच्या दाराने ती सरळ कपडे धुण्याच्या खोलीत गेली. तिथे एक किडकिडीत, म्हातारा होत चाललेला माणूस चादरी पिळत होता. तिने आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. तो घाबरला.

“आम्ही आपलं काम करतो, बाई,” तो म्हणाला. “वरचं आम्हाला काय ठाऊक? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. विचारा कुणालाही.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची गचांडी धरावी असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याची कणवही आली. दोन्ही एकदम. तिने बाह्या सरसावल्या.

बाहेरून मिरची ओरडली, “आई, बस सुटतेय!”

“सुटू दे!” ती म्हणाली आणि मळक्या कपड्यांची पहिली पिशवी जमिनीवर उपडी केली.